सेटिंगची फाइल कानांनी वाचून पाहा

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरनंतरचं स्टेशन म्हणजे वांगणी. अंबरनाथ तालुक्यातल्या या गावात दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मुंबईच्या मानाने परवडणारं भाडं आणि हाताशी लोकल, ही त्यामागची कारणं. त्यांच्यातले अनेकजण लोकलमध्येच फुटकळ वस्तू विकून घर चालवतात. 17 एप्रिल 2021 रोजी पॉइंट्समन मयूर शेळके यांनी वांगणी स्टेशनात रुळावर पडलेल्या एका मुलाला येणाऱ्या गाडीपुढून वाचवलं. त्या मुलाची आई दृष्टिहीन असल्याचं बातम्यांत आलं आणि या वस्तीची ओळख राज्यभर झाली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ही वस्ती आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावी. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात दुकानाचं बिलिंग, क्लासची फी, दवाखान्याच्या नोंदी अशी छोटी सॉफ्टवेअरं लिहिणारी पुष्कळ तरुण मंडळी आहेत. प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत एक सेटिंगची फाइल असते, आणि तिचं स्वरूप बहुतेक वेळा घाईत, कुणाशीही न बोलता ठरतं. ही फाइल वाचणारा माणूस डोळ्यांनी पाहणारा नाही, तर एकेक ओळ कानांनी ऐकणारा आहे, असं धरून बसलात तर प्रमाण फॉरमॅट घ्यावा की स्वतःचा घडवावा या जुन्या वादाचं उत्तर बरंच स्पष्ट होतं. माझं उत्तर असं: फाइलचं व्याकरण प्रमाण घ्या, तिच्यातली नावं स्वतः घडवा, आणि सगळी मेहनत त्या नावांवर खर्च करा.

या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे व्याकरण: नाव कुठे संपतं, किंमत कुठे सुरू होते, एका गटात दुसरा गट कसा बसतो, टीप कशी लिहायची, अवतरणचिन्हाच्या आत अवतरणचिन्ह आलं तर काय करायचं. एक्सएमएल, जेसन, टॉमल, यॅमल ही सगळी व्याकरणं आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे त्या व्याकरणात तुम्ही लिहिलेला मजकूर: आवाजाच्या वेगाला काय म्हणायचं, तो कुठल्या एककात मोजायचा, तो नसला तर काय धरायचं. व्याकरणाच्या बाबतीत तुमच्या दुकानाच्या बिलिंगची आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरची गरज फारशी वेगळी नसते. मजकुराच्या बाबतीत ती जवळजवळ पूर्ण वेगळी असते. गंमत अशी की पुष्कळ लेखक नेमकं उलट करतात. व्याकरण स्वतःचं शोधून काढतात आणि नावं मात्र ‘मोड 1’, ‘ऑप्शन 2’, ‘फ्लॅग’ अशी टाकून मोकळे होतात.

कानांनी वाचण्याचा मुद्दा कल्पनेतला नाही. एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत आणि मुक्त स्रोताचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 मध्ये लिहायला घेतला. आज भारतातल्या असंख्य दृष्टिहीनांसाठी संगणकाचं दार तोच उघडतो. त्याच्या मुख्य सेटिंग एका साध्या मजकूर फाइलमध्ये असतात. फाइल उघडली की सुरुवातीलाच रचनेचा आवृत्ती क्रमांक लागतो, मग चौकोनी कंसात ‘स्पीच’ हा विभाग, त्यात कुठला आवाज वापरायचा त्याचं नाव, आणि त्याच्याखाली दुहेरी चौकोनी कंसात त्या आवाजाचा उपविभाग: वेग इतका, पट्टी इतकी, भाषा मराठी. मराठी उच्चार सोबतच्या ईस्पीक एनजी या मोफत आवाजातून येतो. एखाद्या बाईंनी घरच्या संगणकावर महिनाभर खपून आवाजाचा वेग, विरामचिन्हं किती वाचायची आणि कीबोर्डचे शॉर्टकट स्वतःच्या हाताला बसवले असतील, तर ते सगळं एका फोल्डरमध्ये मावतं आणि पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर जातं. डोळस माणसाला सेटिंग हरवल्या तर चिडचिड होते; दृष्टिहीन माणसाला त्या हरवल्या तर समोरचा संगणक अनोळखी वेगात, अनोळखी आवाजात बोलू लागतो आणि काम तिथेच थांबतं.

याच फाइलमध्ये एक सावधगिरीचा धडाही आहे. दुहेरी कंसातला उपविभाग हा पायथॉनच्या ज्या लायब्ररीने ही फाइल लिहिली जाते तिचा स्वतःचा नियम आहे. विंडोजच्या जुन्या आयएनआय पद्धतीत उपविभाग नाहीत. म्हणजे नाव आयएनआयचं, पण दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरने ही फाइल आयएनआय समजून वाचली तर ते अडखळेल. आयएनआयचं एकमेव, सर्वांनी मान्य केलेलं लेखी प्रमाणच नाही. कुणी टीप अर्धविरामाने सुरू करतो, कुणी हॅशने; कुणी बरोबरचं चिन्ह वापरतो, कुणी कोलन. त्यामुळे ‘आम्ही आयएनआय वापरतो’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात स्वतःचा फॉरमॅट घडवलेला असण्याची शक्यता दाट असते, फक्त त्याला ते माहीत नसतं. एनव्हीडीएच्या मंडळींनी मात्र रचनेचा आवृत्ती क्रमांक फाइलमध्ये ठेवला आणि जुन्या रचनेची फाइल नव्यात आणणाऱ्या पायऱ्या कोडमध्ये लिहिल्या. म्हणून कित्येक वर्षांपूर्वीची फाइलही नव्या आवृत्तीत चालते. हा क्रमांक आजच आपल्या फाइलमध्ये घाला. नंतर घालायचा म्हटलं तर क्रमांक नसलेल्या फाइली नेमक्या कुठल्या काळातल्या, हे अंदाजाने ओळखत बसावं लागतं.

‘आमचं सॉफ्टवेअर, आमचा फॉरमॅट’ या वृत्तीची किंमत मराठी माणसाइतकी क्वचितच कुणी मोजली असेल. युनिकोडच्या आधीच्या काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचे फाँट, आकृती, अशा प्रत्येकाची अक्षरांच्या क्रमांकांची मांडणी निराळी होती. एका फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. प्रमाण नव्हतं असं नाही: भारतीय लिप्यांच्या इस्की या संकेतप्रणालीचं आयएस 13194 हे भारतीय प्रमाण 1991 मध्ये आलं, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, जिच्यातली देवनागरीची मांडणी 1988 च्या इस्कीवर बेतलेली होती. तरीही पुढची कित्येक वर्षं छपाई, कचेऱ्या आणि प्रकाशनं आपापल्या फाँटच्या आतच राहिली. त्यात त्यांचा स्वार्थ होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या काळच्या विंडोजमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट दिसत नव्हती आणि काम तर आजच हवं होतं. पण परिणाम उरलाच. त्या फाइली आजही अनेकांच्या संग्रही आहेत आणि स्क्रीन रीडरने उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन माळ ऐकू येते, कारण संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठी कधी लिहिलंच गेलेलं नव्हतं. डोळस वाचकाला जुना फाँट बसवून काम भागवता आलं. ऐकणाऱ्याला तीही सोय नव्हती. स्वतःच्या फॉरमॅटचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो त्याला तो सगळ्यात जास्त बसतो.

मोठ्या कंपन्याही याच रस्त्याने गेल्या आणि परतल्या. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीच्या नेक्स्टस्टेप प्रणालीत सेटिंगसाठी महिरपी कंसांचा स्वतःचा साधा फॉरमॅट होता, ज्याला प्रॉपर्टी लिस्ट म्हणत. वाचायला तो सुटसुटीत होता, पण त्यात संख्या आणि हो-नाही असे वेगळे प्रकार नव्हते. सगळं अक्षरमाला म्हणूनच लिहावं लागे. 2001 मध्ये मॅक ओएस एक्स आलं तेव्हा ॲपलने तीच रचना एक्सएमएलमध्ये आणली, आणि 2002 च्या 10.2 आवृत्तीपासून वेगासाठी बायनरी रूपही दिलं. बायनरी रूप माणसाला वाचता येत नाही, पण ते एक्सएमएलमध्ये बदलण्याचं साधन प्रत्येक मॅकमध्ये असतं. म्हणून त्याला कुलूप म्हणता येणार नाही. ॲपलने नावांच्या बाबतीत मात्र एक वेगळाच निर्णय घेतला. तिथे वेगासाठी ‘वेग’ नावाचा टॅग नसतो. ‘की’ नावाच्या टॅगमध्ये वेग हा शब्द, आणि त्याच्या शेजारी ‘इंटिजर’ नावाच्या टॅगमध्ये चाळीस. हे सगळ्या सॉफ्टवेअरना चालतं, एकच वाचक प्रोग्रॅम पुरतो. पण नाव आणि किंमत यांचं नातं फक्त शेजारपणाचं राहतं. मधली एक ओळ चुकून गेली की जोडीच मोडते. एक्सएमएल वापरायचंच असेल तर छोट्या सॉफ्टवेअरने अर्थ सांगणारे टॅग घडवावेत, हे माझं मत याच कारणाने आहे.

आता ही व्याकरणं ऐकायला कशी वाटतात ते पाहू, कारण निवड इथेच होते. विरामचिन्हं वाचण्याची पातळी पूर्ण वर नेली की, आणि फाइल दुरुस्त करणाऱ्याला ती न्यावीच लागते, एक्सएमएलची एक ओळ साधारण अशी ऐकू येते: ‘लेस रेट ग्रेटर फोर्टी लेस स्लॅश रेट ग्रेटर’. एका आकड्यासाठी एवढा फापटपसारा. याची तक्रार करणारे चुकत नाहीत. तरी एक्सएमएलचा एक गुण डोळ्यांना दिसत नाही, तो कानाला कळतो: बंद होणारा टॅग आपलं नाव पुन्हा सांगतो. ‘स्लॅश स्पीच’ ऐकलं की आवाजाचा विभाग संपला हे समजतं. जेसनमध्ये शेवटी फक्त ‘राइट ब्रेस, राइट ब्रेस, राइट ब्रेस’ ऐकू येतं, आणि यातला कुठला कंस कुठल्या विभागाचा हे मनात मोजत बसावं लागतं. त्यात प्रमाण जेसनमध्ये टीप लिहिण्याची सोय नाही आणि शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम जास्त पडला तर सगळी फाइल बाद ठरते. यॅमल डोळ्यांना सगळ्यात देखणं. पण त्याची सगळी रचना ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागेवर उभी आहे, आणि एनव्हीडीएमध्ये ती जागा बोलून किंवा सुरांनी सांगण्याची सोय असली तरी ती मुद्दाम चालू करावी लागते. न करता फाइल ऐकली तर सगळे विभाग एकाच पातळीवर आहेत असं वाटतं. शिवाय यॅमलच्या 1.1 आवृत्तीत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला ‘नो’ हा शब्द नकार मानला जातो, त्यामुळे नॉर्वे देशाचा दोन अक्षरी संकेत घातला की त्याचं ‘नाही’ होऊन बसतं. 2009 च्या 1.2 आवृत्तीने हे सुधारलं, पण लोकप्रिय लायब्ररींपैकी काही अजून जुन्याच नियमाने चालतात.

टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी 2013 मध्ये मांडलेलं आणि जानेवारी 2021 मध्ये 1.0 आवृत्तीला पोचलेलं टॉमल मला माणसाने हाताळायच्या सेटिंगसाठी सगळ्यांत योग्य वाटतं. त्यात उपविभागाचं शीर्षक पूर्ण पत्त्यासह येतं: ‘स्पीच डॉट ईस्पीक’. फाइलच्या मध्यावर कुठेही उतरलात तरी वरच्या शीर्षकाची एक ओळ ऐकली की आपण कुठे आहोत ते कळतं. कंस मोजायला नकोत, मोकळी जागा ऐकायला नको. हॅशने टीप लिहिता येते, एकच नाव दोनदा आलं तर ती चूक ठरते, आणि फाइल यूटीएफ-8 मध्येच असावी असा नियम आहे. उणीव सांगायची तर पायथॉनमध्ये 3.11 आवृत्तीपासून टॉमल वाचण्याची सोय आहे, लिहिण्याची नाही. त्यासाठी वेगळी लायब्ररी घ्यावी लागते. आणि तीन-चार पातळ्या खोल जाणारी रचना टॉमलमध्ये बोजड होते. तुमची सेटिंग तितकी खोल जात असेल तर आधी ती खोली खरंच हवी का, हे तपासा. फाइल फक्त सॉफ्टवेअरच लिहिणार आणि वाचणार असेल, किंवा वेबवरच्या सेवेशी देवाणघेवाण असेल, तर जेसनला पर्याय शोधू नका. डिसेंबर 2017 पासून ते इंटरनेटचं पूर्ण प्रमाण आहे. आणि मजकुराच्या पोटात खुणा घालायच्या असतील, म्हणजे पावतीचा नमुना, पत्राचा मसुदा, तर 1998 पासून चालत आलेल्या एक्सएमएलची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही. फक्त बाहेरच्या फाइली आत ओढण्याची त्याची सोय वाचताना बंद करा, कारण हल्ले तिथूनच होतात.

मराठी लेखकाने यात आणखी एक गोष्ट सांभाळायची असते, जिच्याबद्दल इंग्रजी पुस्तकांत फारसं सापडत नाही. फाइलमधला आकडा देवनागरीत लिहायचा की नाही? पायथॉनला ‘४०’ दिलं तर तो त्याची चाळीस ही संख्या करून देतो. जावास्क्रिप्ट तेच संख्या मानत नाही. जेसनच्या व्याकरणात तर इंग्रजी आकडेच संख्या म्हणून चालतात. म्हणून फाइलमध्ये आकडा इंग्रजी ठेवा आणि पडद्यावर दाखवताना देवनागरी करा. नावांचंही तसंच. एक्सएमएलमध्ये टॅगचं नाव देवनागरीत चालतं, टॉमलमध्ये ते अवतरणचिन्हांत घालून चालतं, आणि आपल्या भाषेत लिहिण्याचा मोह मला पूर्ण समजतो. पण ‘ऱ’ या एका अक्षराकडे पाहा. ते युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही आहे आणि ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही होतं. या दोन रूपांचं प्रमाणीकरण केलं की ती एक होतात. पण ‘दऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असाही लिहितात, आणि हे तिसरं रूप कुठल्याही प्रमाणीकरणाने पहिल्या दोघांशी एक होत नाही. पडद्यावर तिन्ही सारखी, ऐकायला सारखी, संगणकाला वेगळी. टॅगच्या नावात असं अक्षर आलं तर सेटिंग सापडत नाही आणि का सापडत नाही ते कुणालाच दिसत नाही. तेव्हा नावं साध्या रोमन अक्षरांत ठेवा आणि प्रत्येक नावाच्या वरच्या ओळीत मराठीत टीप लिहा. जेसन घेतलं असेल तर ती टीप सोबतच्या पानावर द्या. किमतींमध्ये मराठी जरूर येऊ द्या, दुकानाचं नाव, पावतीवरची ओळ, पण त्यासाठी फाइल यूटीएफ-8 मध्ये आहे याची खात्री करा. विंडोजची जुनी आयएनआय वाचणारी फंक्शनं यूटीएफ-8 ओळखत नाहीत. त्यांच्यामार्फत लिहिलेलं मराठी पुष्कळदा प्रश्नचिन्हं होऊन परत येतं. भाषेची नोंद ‘मराठी’ किंवा ‘लँग्वेज 3’ अशी न करता भाषांच्या ठरलेल्या दोन अक्षरी संकेताने करा. बहुतेक आवाज आणि शब्दकोश तो ओळखतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो आकाराचा. ‘आमच्या दहा सेटिंग आहेत. एका ओळीवर एक, मध्ये टॅब, वीस ओळींचा कोड, झालं. यासाठी लायब्ररी कशाला?’ हे पहिल्या दिवशी खरं असतं. पुढे काय होतं याचं उदाहरण पुन्हा एनव्हीडीएमध्येच आहे. उच्चार सुधारण्यासाठी त्यात एक छोटा शब्दकोश असतो: मूळ शब्द, टॅब, त्याऐवजी काय म्हणायचं, टॅब, लहान-मोठी अक्षरं वेगळी धरायची का, टॅब, शब्द कुठे जुळवायचा. हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप. मग कुणाला हॅश या चिन्हाचाच उच्चार बदलायचा असतो. म्हणून हॅशच्या आधी तिरपी रेघ द्यायची, असा आणखी एक नियम जन्माला येतो. शेवटच्या रकान्यात 0, 1, 2 असे आकडे असतात आणि 2 म्हणजे ‘पूर्ण शब्द’ हे फाइल ऐकून कुणालाही कळणार नाही. टॅब आणि चार मोकळ्या जागा यांतला फरकही ऐकताना सहज निसटतो. एका उत्तम, सेवाभावाने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्येही घरगुती फॉरमॅटचं हे होतं. वीस ओळींच्या कोडमध्ये जे सुटतं ते प्रमाण व्याकरण घडवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून सोडवलेलं असतं, आणि ते फुकट मिळतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: काही विषयांना प्रमाण व्याकरण खरंच पुरत नाही. ब्रेलचं घ्या. लिबलुई ही मुक्त लायब्ररी मजकुराचं ब्रेल करते आणि तिच्यात भारती ब्रेलनुसार मराठीचा तक्ताही आहे. त्या तक्त्याचा फॉरमॅट पूर्णपणे लिबलुईचा स्वतःचा आहे: ओळीच्या सुरुवातीला नियमाचा प्रकार, मग अक्षर, मग ब्रेलच्या ठिपक्यांचे क्रमांक. हे एक्सएमएलमध्ये कोंबलं असतं तर तक्ते तयार करणाऱ्या ब्रेल जाणकारांना, ज्यांच्यात स्वतः दृष्टिहीन असलेलेही आहेत, एका नियमासाठी पाच पट मजकूर ऐकावा लागला असता. रुळांचंच पाहा: वांगणीच्या पुढचं दुसरं स्टेशन नेरळ आहे. तिथे मुख्य मार्गाचा रूळ 1676 मिलिमीटर रुंद, आणि 1907 मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचा दोन फूट. घाटातली वळणंच तशी आहेत. ब्रेलचा तक्ता हा असा घाट आहे. पण त्याला सेटिंगची फाइल म्हणता येत नाही. ते नियमांचं पुस्तक आहे, भाषेचं ज्ञान आहे, आणि त्याचं व्याकरण लेखी, सविस्तर, सर्वांसाठी खुलं आहे. आवाजाचा वेग, पावतीचा आकार आणि जीएसटीचा दर यांच्यासाठी असा घाट नसतो. स्वतःचा फॉरमॅट घडवण्याआधी आपल्या विषयातली अशी एक तरी गोष्ट दाखवता आली पाहिजे जी प्रमाण व्याकरणात लिहिताच येत नाही. ती दाखवता येत असेल तर जरूर घडवा, आणि त्याचं व्याकरणही लिहून ठेवा.

तिसरा आक्षेप असा की सेटिंगची फाइल उघडतंच कोण? लोक पडद्यावरचं पान वापरतात, आणि आता तर सगळं फोनवर आहे. उलट फाइल उघडी ठेवली तर कुणीतरी खोडसाळपणा करेल. यातला फोनचा भाग खरा आहे आणि तोच माझ्या म्हणण्याची मर्यादाही दाखवतो. अँड्रॉइडमध्ये ॲपच्या सेटिंग ठेवण्याची जुनी, रुळलेली पद्धत प्रमाण एक्सएमएलचीच आहे. पण ती फाइल ॲपच्या खासगी कप्प्यात राहते, वापरणाऱ्याला तिथवर पोचताच येत नाही. म्हणजे प्रमाण व्याकरण असून उपयोग शून्य. तेव्हा ‘सेटिंग बाहेर काढा’ आणि ‘सेटिंग आत घ्या’ ही दोन बटणं सॉफ्टवेअरमध्ये असलीच पाहिजेत, नाहीतर वरची सगळी चर्चा कागदावर राहते. फाइल कोण उघडतं, याचं उत्तर असं: एखाद्या वाचनालयात किंवा शाळेत दहा संगणक एकसारखे तयार करणारा शिक्षक, नवा फोन घेतल्यावर जुन्या सवयी परत हव्या असलेला माणूस, आणि फोनवरून ‘तिसऱ्या विभागात वेग म्हणून ओळ आहे, तिथे तीस कर’ असं सांगणारा मित्र. पडद्यावरचं पान बिघडलं, किंवा त्या पानावरच्या बटणांना नावंच दिलेली नसल्याने स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण, बटण’ म्हणत राहिला, तर हा शेवटचाच मार्ग उरतो. खोडसाळपणाची भीती असेल तर पासवर्ड आणि परवान्याच्या किल्ल्या या फाइलमध्ये ठेवूच नका. त्यांची जागा वेगळी. विचित्र फॉरमॅटमागे लपवलेला पासवर्ड सुरक्षित असतो ही समजूत कुठल्याही होतकरू विद्यार्थ्यापुढे टिकत नाही.

माणसाच्या गरजा माणसाबरोबर फिराव्यात, संगणकाला बांधलेल्या नसाव्यात, हा विचार जागतिक पातळीवरही झाला आहे. 2008 मध्ये आलेल्या आयएसओ-आयईसी 24751 या प्रमाणाने शिकणाऱ्याच्या गरजा आणि पसंती कशा नोंदवायच्या ते मांडलं, आणि पुढे ग्रेग व्हॅंडरहाइडन यांच्या पुढाकाराने कुठल्याही संगणकासमोर बसलं की तो आपल्या गरजेनुसार सजावा यासाठी जीपीआयआय नावाचा मोठा प्रयत्न झाला. असं सार्वत्रिक चित्र अजून रोजच्या वापरात दिसत नाही. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधल्या ‘वेग 40’चा अर्थ एकच नसतो, हे त्यातलं अवघड दुखणं आहे. व्याकरण प्रमाण केलं की अर्थ आपोआप प्रमाण होत नाही. म्हणूनच मेहनत नावांवर आणि एककांवर हवी. ‘वेग 40’ न लिहिता मिनिटाला किती शब्द ते लिहा, ‘वेळ 5’ न लिहिता नावातच सेकंद घाला, 0, 1, 2 ऐवजी अर्थ सांगणारा शब्द लिहा. जे प्रणालीने आधीच विचारलेलं आहे ते तुमच्या फाइलमध्ये पुन्हा ठेवू नका. रंग, कॉन्ट्रास्ट, अक्षरांचा आकार यांबाबत सॉफ्टवेअरने प्रणालीच्या सेटिंगचा मान राखावा असं युरोपचं ईएन 301 549 हे प्रमाण सांगतं, आणि भारतीय मानक ब्युरोचं आयएस 17802 हे त्याच वळणाचं आहे. सरकारी कामाच्या निविदेत ते विचारलं जाण्याआधी वाचून ठेवा.

उरलेल्या काही गोष्टी थोडक्यात. ओळखीचं नसलेलं नाव फाइलमध्ये आढळलं तर ते पुसू नका, तसंच ठेवा. कुणी नव्या आवृत्तीची फाइल जुन्यात उघडली असेल. मूळच्या किमती वेगळ्या ठेवा आणि फाइलमध्ये फक्त बदललेलं लिहा, म्हणजे ऐकणाऱ्याला दोनशे ओळींऐवजी आठ ओळी ऐकाव्या लागतात. जतन करताना आधी शेजारी नवी फाइल पूर्ण लिहा, मग नाव बदला. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल राहायला नको, आणि आपल्याकडे वीज मध्येच जाते. चूक सापडली तर ओळीचा क्रमांक आणि नाव सांगणारा संदेश मराठीत द्या. लाल रंगाची चौकट ऐकू येत नाही. माणसाने लिहिलेल्या टिपा जतन करताना उडवू नका. अनेक लायब्ररी त्या उडवतात, तेव्हा निवडण्याआधी एवढं तपासून घ्या.

पुढची आवृत्ती ग्राहकाला देण्याआधी अर्धा तास काढा. एनव्हीडीए मोफत आहे, उतरवून घ्या, ईस्पीकचा मराठी आवाज निवडा, पडदा बंद करा आणि आपल्याच सेटिंगची फाइल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ऐका. एक किंमत बदलून जतन करा आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालू करा. जिथे अडलात तिथलं नाव बदला. आणि फाइलमधल्या प्रत्येक नावाचा अर्थ, एकक आणि मूळ किंमत मराठीत एका पानावर लिहून ते पान साध्या युनिकोड मजकुरात सॉफ्टवेअरसोबत द्या.